छपराचं एस्टिमेट: चौरस फुटाचा दर सांगायच्या आधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण फॅब्रिकेटरनं विचारलंय. बरीच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वेल्डिंग केलं, आता स्वतः छपरांची कामं घेतो. गिऱ्हाईक फोनवरच विचारतं, "स्क्वेअर फुटाला किती घेता सांगा की ओ," हा गडी दर सांगतो, काम मिळतं, पण काम संपल्यावर स्वतःचा रोजसुद्धा सुटत नाही. सध्या हातात एक जुनं कौलारू घर आहे: कौलं उतरवून कलरचा पत्रा घालायचाय, घर 30 बाय 24. शिवाय निपाणीकडचं एक गिऱ्हाईक कोल्हापूरचं कोटेशन दाखवून "एवढ्यात करता का बोला" म्हणतंय. तर एस्टिमेट काढायचं कसं?

तुमचा दर कमी आहे असं मला वाटत नाही. तुम्ही दरापासून सुरुवात करता, ही खरी अडचण. चौरस फुटाचा दर हिशेब संपल्यावर निघतो. सगळं सामान, सगळी मजुरी, गाडी, नफा मांडून झाला की एकूण रकमेला क्षेत्रफळानं भागायचं, आणि तो आकडा फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी सांगायचा. दुसरं म्हणजे ह्या धंद्यात पैसा सहसा चुकीच्या दरानं जात नाही. जे कागदावर लिहिलंच नाही त्यानं जातो.

तुमचंच 30 बाय 24 चं घर घेऊ. गिऱ्हाइकाच्या डोक्यात 720 चौरस फूट आहेत, कारण तेवढीच त्याची जमीन झाकलेली आहे. पण पत्रा भिंतीवर थांबत नाही. पुढं-मागं दोन-दोन फूट वळचण, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट. म्हणजे आडवं माप झालं 33 बाय 28, 924 चौरस फूट. आता उतार. आढं भिंतीच्या माथ्यापासून सहा फूट वर असेल, तर बारा फुटांत सहा फूट चढ, म्हणजे दोनास एक. ह्या उताराला आडव्या मापाला 1.118 नं गुणायचं. 14 फुटांचं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उतरत्या मापानं 15 फूट 8 इंच भरतं. दोन्ही पाखी मिळून 1033 चौरस फूट. गिऱ्हाईक 720 वर दर लावून बसलाय, तुम्ही 1033 झाकणार. फोनवर सांगितलेल्या दराचं इथंच बारा वाजतात.

अजून पत्र्याची खरेदी राहिली. कलरचा पत्रा साधारण 1070 मिलिमीटर रुंद येतो, म्हणजे साडेतीन फूट, आणि एकावर एक चढवल्यावर झाकतो 1000 मिलिमीटर. 33 फूट म्हणजे 10.06 मीटर. दहा पत्रे लावले तर 10.07 मीटर भरतात. कागदावर बरोबर बसलं! छपरावर बसणार नाही. जुन्या घराची भिंत कुठं इंचभर बाहेर, कुठं आत असते, आणि पहिला पत्रा किंचित तिरका बसला की शेवटी उघडी पट्टी राहते. म्हणून एका पाख्याला अकरा, दोन्ही मिळून 22 पत्रे, 16 फुटी. एकूण 352 फूट लांबी, आणि साडेतीन फुटी रुंदीनं 1232 चौरस फूट पत्रा विकत घ्यावा लागला. दुकानदार 1232 चे पैसे घेणार. 720, 1033 आणि 1232 हे तीन आकडे एकाच छपराचे आहेत. कुठला दर कुठल्या आकड्याला लावायचा ते आधी स्वतःशी ठरवा, मग कागदावर लिहा.

इथंच एक गंमत आहे, आणि जाणत्या माणसाचा पैसा इथंच सुटतो. बाजूची वळचण दीड फुटाऐवजी सव्वा फूट घेतली तर रुंदी होते साडेबत्तीस फूट, म्हणजे 9.91 मीटर. दहा पत्रे आरामात पुरतात, वर बोटं हलवायला जागा राहते. तीन-तीन इंचांसाठी दोन सोळा फुटी पत्रे वाचले. गिऱ्हाइकाला हे मोजमाप घेतानाच समजावून सांगा. भिंतीवर पाऊस झोडपत असेल तर तो दीड फूटच मागेल, मग अकरावा पत्रा त्याच्या खर्चात धरायला त्याची ना नसते. न बोलता अकरावा पत्रा आणलात तर तो "मिस्त्रीनं पत्रा उरवला" म्हणतो.

त्याच रीतीनं उताराचा विचार करा. दोनास एक हा उतार कौलांसाठी होता. पत्र्याला एवढा लागत नाही. आढं तीन फुटांवर आणलं, म्हणजे चारास एक, तर छप्पर 952 चौरस फुटांवर येतं. पण मग दोन्हीकडच्या त्रिकोणी भिंती वरून उतरवून पुन्हा बांधाव्या लागतात, गवंड्याचा खर्च येतो, आणि माळ्यावर उभं राहायला जागा उरत नाही. बहुतेक वेळा आहे तोच उतार ठेवणं स्वस्त पडतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर मी उतार कमी करायचा सल्ला देतच नाही. तिकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पत्र्याच्या सांध्यातून उलटा वर चढतो.

आता लोखंड. ह्यात फसगत जास्त होते, कारण सगळे फुटात बोलतात आणि लोखंड किलोत विकलं जातं. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या नळ्या, धरा. पाख्याला पाच ओळी, दोन्हीकडच्या दहा, प्रत्येक 33 फूट, म्हणजे 330 फूट. वीस फुटी नळीनं भागलं की साडेसोळा, म्हणून 17 नळ्या लिहिल्या जातात. पण कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) दहा-दहा फुटांवर आहेत, आणि वीस फुटी म्हणतात ती नळी भरते सहा मीटर, म्हणजे 19 फूट 8 इंच. जोड नेमका कैचीवरच घ्यायचा म्हटलं तर साडेअकरा, दहा आणि साडेअकरा असे तुकडे पडतात, आणि एका नळीतून एकच तुकडा निघतो, दहा ओळींना 30 नळ्या लागतात. आतून स्लीव्ह, म्हणजे छोटा आतला तुकडा, घालून जोड कैचीच्या अलीकडे फूट-दोन फुटांवर घेतला तर एका ओळीला दोन नळ्या, म्हणजे 20. वर सहा-सहा फुटांचे दहा तुकडे उरतात, ते कैचीच्या आतल्या उभ्या-तिरक्या दांड्यांना जातात. 17, 20 आणि 30. कटिंगचं चित्र काढल्याशिवाय ह्यातला तुमचा आकडा कुठला ते कळत नाही. वहीत पेन्सिलीनं रेघा मारून काढा, सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि वजन. 60 बाय 40 ची नळी 2.6 मिलिमीटर जाडीची असेल तर सहा मीटरला साडेबावीस किलोच्या आसपास भरते. तीच 2 मिलिमीटरची असेल तर अठराच्या आत. बाहेरून बघून कळत नाही, रंग मारल्यावर तर मुळीच नाही. 20 नळ्यांत जवळजवळ शंभर किलोचा फरक पडतो. तुमच्यापेक्षा कमी दर देणारा माणूस जादूगार नसतो, बहुतेक वेळा तो हे शंभर किलो खातो. म्हणून एस्टिमेटवर "60 बाय 40 पाइप" एवढंच लिहू नका. जाडी लिहा, अंदाजे एकूण किलो लिहा, आणि "वजन काट्यावर करून देणार" असं लिहा. हे एक वाक्य पुष्कळ गिऱ्हाइकं मिळवून देतं.

पत्र्याचंही तेच. "0.50 चा पत्रा" म्हणताना रंग आणि वरचा मुलामा धरून 0.50 की नुसतं पोलाद 0.50, हे स्पष्ट करा. मुलामा-रंगासकट 0.50 असेल तर आतलं पोलाद 0.45 च्या आसपास असतं. अशा पत्र्याचा एक फूट साधारण 1.4 किलो भरतो. आपले 352 फूट म्हणजे 490 किलोच्या जवळपास. गाडी आल्यावर काट्यावरची चिठ्ठी बघा. चारशेच किलो भरलं तर पातळ पत्रा आलाय, जाडी मोजायचा मापकाटा लावायचीही गरज नाही. मुलाम्याचं ग्रॅमचं मापही विचारून घ्या. अॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याला 150 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम. खानापूरच्या ओलाव्यात ह्यात काटकसर केली तर पत्रा कापलेल्या कडेपासून आणि स्क्रूच्या भोकापासून गंजायला लागतो, आणि तेव्हा शिव्या तुम्हाला पडतात, कंपनीला नाही.

किरकोळ सामान म्हणून लोक जे एका ओळीत "इतर" लिहून टाकतात, ते किरकोळ नसतं. आढ्यावरची कॅप 33 फूट. बाजूच्या पट्ट्या, म्हणजे पाख्याच्या चारही कडा, 63 फूट. दोन्हीकडची गटर 66 फूट. ह्याच झाल्या 162 फूट पट्ट्या, त्यात सांध्याला सहा-सहा इंच चढ वेगळा. स्क्रू: 22 पत्रे, पाच ओळी, प्रत्येक ठिकाणी चार, म्हणजे 440, वर पत्र्याला पत्रा शिवायचे, सगळे मिळून पाचशेच्या वर. रबरी वॉशर चांगले घ्या. वॉशर उन्हानं कडक होऊन फुटला की गळती सुरू होते, आणि आठ आण्यांच्या वॉशरसाठी तुम्हाला पावसात त्या छपरावर चढावं लागतं. कटिंग व्हील, वेल्डिंगच्या कांड्या, रेड ऑक्साइड, ऑइल पेंट, ब्रश, थिनर ह्यांची वेगळी ओळ. चालू कामात हे सगळं खिशातून जातं आणि कुणाच्या लक्षात राहत नाही.

गटरच्या मापासाठी एक गोष्ट वेगळी आहे. पत्र्याला उतरतं क्षेत्रफळ लागतं, पण पाऊस आडव्या मापावर पडतो. 924 चौरस फूट म्हणजे सुमारे 86 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटरचा जोराचा सपाटा आला तर तासात साडेआठ हजार लिटर पाणी, एका बाजूला सव्वाचार हजार. एकाच कोपऱ्यात एक तीन इंची पाइप लावून 33 फुटांचं पाणी उतरवायचं म्हटलं तर गटर मधेच वाहून भिंतीवर येतं. खानापूर, चोर्ला, कणकुंबीच्या बाजूला मी एका गटरला दोन पाइप लिहितो. अथणी-रायबागकडं एकानं भागतं. तिकडं गटरचे पैसे वाचवून उन्हासाठी पत्र्याखाली फोम किंवा पीव्हीसीचं सीलिंग घातलेलं बरं. तेही एस्टिमेटमध्ये "हवं असल्यास" म्हणून वेगळ्या रकमेसह लिहून द्या. एकाच जिल्ह्यात छपराची गरज इतकी बदलते, तर "बेळगावचा चालू रेट" ह्याला अर्थ तरी काय?

आता ज्या कारणानं तुमचं हे जुनं घर तुम्हाला बुडवू शकतं, त्याकडं येतो. मंगळुरी कौल चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात आणि एक कौल अडीच ते तीन किलोचं असतं. 1033 चौरस फुटांवर 1440 च्या आसपास कौलं झाली, म्हणजे पावणेचार-चार टन. ही उतरवायची, खाली हातोहात द्यायची, रचायची. पत्रा बसवायला जेवढे रोज लागतात, तेवढेच ह्यात जातात, आणि दर सांगताना हे कुणी धरत नाही. कौलं कुणाची, हे लिहा. काही जुन्या घरांवर बासेल मिशनच्या छापाची कौलं निघतात. त्या मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 चा. चांगली निघालेली जुनी कौलं आणि सागवानी वासे ह्यांना गिऱ्हाईक असतं. मालक म्हणतो "माझी", मजूर म्हणतात "आम्हाला देतो म्हणालेला", आणि मधे तुम्ही. एक ओळ लिहिली की हा तंटा मिटला: "उतरवलेली कौलं व लाकूड मालकाचं, अंगणात रचून देऊ, बाहेर नेणं ह्यात नाही."

पण चार टनांचा खरा मुद्दा वेगळाच आहे. कौलांचं छप्पर स्वतःच्या वजनानं भिंतीवर बसलेलं होतं. तुम्ही ते चार टन काढून त्या जागी पाचशे किलोचा पत्रा आणि हजारभर किलोचा लोखंडी सांगाडा ठेवता. आता वजनाची काळजी राहिली नाही, वाऱ्याची आली. वळिवाचा वारा वळचणीखालून शिरतो आणि सगळं छप्पर वर उचलायला बघतो. म्हणजे कैची भिंतीत धरून ठेवायला हवी. जुन्या घराची भिंत मातीची किंवा मातीत रचलेल्या दगडाची असेल, तर वरच्या थरात बोल्ट गाडून काही होत नाही, बोल्टासकट दगड वर येतो. एक तर भिंतीच्या माथ्यावर सिमेंट काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बोल्ट सोडायचे, नाहीतर आतून लोखंडी खांब थेट पायापर्यंत न्यायचे. दोन्हींत खर्च आहे आणि दोन्ही तुमच्या चौरस फुटाच्या दरात नाहीत. 2019 च्या ऑगस्टच्या पावसात आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंतींची किती घरं बसली ते सगळ्यांनी बघितलंय. अशा भिंतीवर नुसता नवा पत्रा ठेवून देणारं काम मी घेत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "एवढं कशाला, आमच्या आज्याच्या वेळेपासून भिंत उभी आहे," तर त्याला म्हणायचं, "भिंत उभी होती मामा, छप्पर तिला दाबून होतं म्हणून."

म्हणून माप घ्यायला जाल तेव्हा टेप, दोरी, एक बॅटरी आणि छोटा सळईचा तुकडा न्या. भिंतीच्या माथ्यावर सळई टोचून बघा, ती सहज आत गेली तर काँक्रीटचा पट्टा धरल्याशिवाय आकडा सांगू नका. माळ्यावर चढा, वाशांच्या टोकांना वाळवी आहे का बघा. घराचे दोन्ही कर्ण मोजा. 30 बाय 24 चं घर काटकोनात असेल तर दोन्हीकडून 38 फूट 5 इंच यायला हवेत. एक कर्ण 38 आणि दुसरा 39 आला तर पत्र्याची कड तिरकी कापावी लागणार, नुकसान वाढणार. वरून जाणारी विजेची तार किती लांब आहे तेही बघा. सोळा फुटी पत्रा दोन माणसं उभा करतात तेव्हा तो कुठपर्यंत पोचतो, ह्याचा अंदाज करून घ्या. तार जवळ असेल तर हेस्कॉमकडून (आपली वीज कंपनी) लाइन बंद करून घ्यायची व्यवस्था कुणी करायची, हे ठरवूनच काम सुरू करा. वेल्डिंगला लाइट कुणाची? घरगुती मीटरवर वेल्डिंग मशीन टिकत नाही, व्होल्टेज पडतं, शेजारी भांडायला येतात. जनरेटर लागणार असेल तर त्याचं भाडं आणि डिझेल वेगळी ओळ.

गाडीचंही असंच. सोळा फुटी पत्रा छोट्या हत्तीत (टाटा एस टेम्पोत) मावत नाही, मागं निम्मा बाहेर लटकतो आणि वाकतो. सतरा फुटी गाडी लागते, आणि ती गाडी गावातल्या गल्लीत शिरत नाही. मग वेशीपासून घरापर्यंत डोक्यावर. बेळगावच्या उद्यमबागेतून गाडी सुटली की दुकानदाराची जबाबदारी संपली. उतरवून घेणं, पत्र्याला पोचे न पाडता घरापर्यंत नेणं हे तुमच्या अंगावर. माप घ्यायला जाताना मोटरसायकलवरून उतरून शेवटची गल्ली चालत जा, म्हणजे कळतं.

मजुरीचा हिशेब फुटावर करू नका, रोजावर करा. कौलं उतरवायला किती रोज, सांगाडा वर्कशॉपवर किती, जागेवर किती, पत्रा चढवायला किती, साफसफाईला किती. खानापूरकडची बरीच पोरं गोव्याला कामाला जातात, त्यामुळं आपल्याकडचा रोज गोव्याच्या रोजाकडं बघून ठरतो, आणि मार्च ते मे तर हवा तो माणूस मिळत नाही. सगळ्यांनाच मिरगाच्या आत छप्पर हवं असतं. त्या तीन महिन्यांचं एस्टिमेट आणि दिवाळीनंतरचं एस्टिमेट एका दरानं देणं म्हणजे आपल्याच खिशाला भोक पाडणं. एप्रिल-मेमध्ये उघड्या घरावर वळीव येणार हे धरून ताडपत्रीचं भाडं लिहा. घरात माणसं राहत असतील तर एकदम सगळं उघडता येत नाही, एक-एक पाखं करावं लागतं, आणि तसे रोज वाढतात. माणसांच्या कमरेचे पट्टे आणि दोर हा तुमचा खर्च आहे, तो धरायलाच हवा. जुन्या कौलावर आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू देऊ नका, फळी टाकून चाला. सिमेंटचे पत्रे काढायचं काम असेल तर दर वेगळा. त्यात अॅस्बेस्टॉस असतो, ते फोडून खाली टाकायचे नाहीत, पाणी मारून अखंड उतरवायचे, आणि तसं करायला वेळ लागतो.

नुसती कौलं परतायची कामं असतील तर त्यांना हे सगळं लागत नाही. तिथं रोजावरच बोला, आणि फुटक्या कौलांच्या जागी नवी किती लागतील ते "नगाप्रमाणे वेगळे" लिहा. वर चढल्याशिवाय फुटलेली किती हे कुणालाच सांगता येत नाही.

सगळा खर्च झाला की नफा. इथं साध्या गणितात लोक चुकतात. खर्च एक लाख आणि त्यावर वीस टक्के चढवून 1,20,000 सांगितले, तर नफा विक्रीच्या वीस टक्के नाही, सोळा-सतरा टक्के पडतो. मग गिऱ्हाईक शेवटी म्हणतं, "पाच टक्के तरी कमी करा की." 1,20,000 चे पाच टक्के म्हणजे 6,000. तुमच्या वीस हजारांतले सहा गेले, नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. "पाचच टक्के" ऐकायला लहान वाटतात. आणि त्या वीस हजारांत तुमची स्वतःची मजुरी धरली असेल तर उरलं काय? स्वतःचा रोज खर्चात लिहा, मिस्त्रीचा जेवढा देता तेवढा तरी. मशीनची झीज, वर्कशॉपचं भाडं, मापं घ्यायला गेलेलं पेट्रोल, ज्या गिऱ्हाइकानं काम दिलंच नाही त्याच्याकडं घातलेला वेळ, हेही कुठल्या तरी कामातूनच निघायला हवं. जुन्या घराला वर आठ-दहा टक्के अडीअडचणीचे मी धरतो, नव्या शेडला तीन-चार पुरतात. हे मी लपवत नाही. वेगळ्या ओळीत लिहितो आणि वापरले नाहीत तर सोडून देतो. काही गिऱ्हाइकांना हे आवडत नाही, त्यांच्याशी पुढं भांडण व्हायचं ते आधीच झालं असं समजायचं.

एस्टिमेटवर मुदत हवीच. लोखंडाचा दर आठवड्याला हलतो, मी आठ दिवसांच्या वर शब्द देत नाही. म्हणूनच इथं रुपयांचे दर लिहिले नाहीत, तुम्ही हे वाचाल तोवर ते बदललेले असतील, किलो आणि फूट बदलणार नाहीत. पत्रा मापानं कापून येतो, परत जात नाही, म्हणून पत्र्याची आणि लोखंडाची पूर्ण रक्कम ऑर्डरच्या आधी. मजुरीचा पहिला हप्ता सांगाडा उभा राहिल्यावर, दुसरा पत्रा चढल्यावर, थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस होऊन गळती नाही हे बघितल्यावर. हा शेवटचा हप्ता स्वतःहून लिहिलात तर वरचे दोन वेळेवर मिळतात, असा माझा अनुभव आहे. गिऱ्हाईक बँकेचं कर्ज काढणार असेल तर बँकेला इंजिनिअरच्या सहीचं एस्टिमेट लागतं, पंचायतीचे कागद कन्नडमधून होतात. तुमची मराठीतली यादी ही तुमच्या दोघांतली. तिन्हीकडं क्षेत्रफळ एकच येतंय का तेवढं बघा, नाहीतर बँकेच्या कागदावर 720 आणि तुमच्या बिलावर 1033 बघून साहेब पैसे अडवतो.

आता निपाणीचं गिऱ्हाईक. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, बेळगाव पंचाहत्तर. त्यानं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजारात चौकशी करणं साहजिकच आहे, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. कधी कधी माल तिकडून आणणंच त्याला स्वस्त पडतं, आणि तसं असेल तर तसं त्याला सांगा, मजुरी तुमची घ्या. पण दोन कोटेशनं शेजारी ठेवून त्याच्याबरोबर वाचा. तिकडच्या कागदावर पत्र्याची जाडी रंगासकट आहे का रंगाशिवाय? पाइपची जाडी लिहिली आहे का? दर झाकलेल्या चौरस फुटाला की विकलेल्या? कॅप, पट्ट्या, गटर आत आहेत का? जीएसटी आत की वर? पत्र्याला आणि ठेक्याच्या कामाला 18 टक्के लागतो, एक लाखाच्या कोटेशनखाली "टॅक्स एक्स्ट्रा" असं बारीक लिहिलं असेल तर ते 1,18,000 चं आहे. माल महाराष्ट्रातून कर्नाटकात आला तरी टक्का तोच, नाव फक्त आयजीएसटी होतं. पन्नास हजारांच्या वरचा माल सीमा ओलांडताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, ते कोण काढणार हे विचारा. बिलाशिवाय आणतो म्हणणारा कागलच्या पुढं गाडी अडली की फोन उचलत नाही. आणि पहिल्या पावसात एखादा स्क्रू गळला तर तिकडून माणूस कधी येणार, हेही त्यालाच विचारू द्या.

एवढं वाचून झाल्यावरही तिकडचा आकडा सारख्या मालाला खरोखर कमी असेल, तर काम सोडा. त्याच्या आकड्यावर काम घेऊन नळीची जाडी 2.6 वरून 2 वर आणायची आणि वरून जाड रंग मारायचा, हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या सध्याच्या घराचं म्हणाल तर आधी जाऊन भिंतीच्या माथ्यात सळई टोचा, दोन्ही कर्ण मोजा, वळचण सव्वा फूट चालते का विचारा. काँक्रीटचा पट्टा लागणार असेल तर गवंड्याकडून त्याची रक्कम वेगळी घ्या आणि एस्टिमेटच्या पहिल्या ओळीत ती लिहा, शेवटच्या नाही.